जुन्या सर्वेक्षणांचा डेटा परदेशी तुलनेसाठी द्यायचाय? बडोद्याहून काही पायऱ्या

तुमच्या संस्थेने पंधरा-वीस वर्षं त्याच त्या कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जाऊन माहिती गोळा केली आहे. आता परदेशातल्या एखाद्या विद्यापीठातून मेल आलाय, की पाच देशांच्या तुलनेत तुमचाही डेटा घ्यायचा आहे, पाठवाल का? यावर बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक होतं. एक तर साहेब खूश होऊन म्हणतात, ‘अरे, पाठवून दे ना ते फोल्डर,’ आणि नावं-पत्त्यांसकट सगळं गूगल ड्राइव्हवर चढतं. नाहीतर ‘आपला डेटा आपण का द्यायचा?’ म्हणून मेलला उत्तरच जात नाही, आणि काही वर्षांनी त्या फायली कुणालाच उघडता येत नाहीत.

मी बडोद्यात याच कामाच्या टेबलावर बरीच वर्षं बसले आहे. ज्यांच्या गळ्यात हे काम नव्याने पडलंय, म्हणजे रिसर्च असिस्टंट, पीएचडीची मुलं, लहान संस्थांमधले डेटा मॅनेजर, त्यांच्यासाठी हे लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते. फाइल पाठवायला पाच मिनिटं लागतात. वेळ जातो तो फायलीत नसलेली, माणसांच्या डोक्यात राहिलेली माहिती कागदावर उतरवण्यात. ती माणसं निवृत्त व्हायच्या आत हे झालं पाहिजे.

१. तुलना कशाची, ते आधी विचारा

‘जे असेल ते सगळं पाठवा’ म्हणणाऱ्याला नम्रपणे एक पानाचं टिपण मागा: प्रश्न काय, कोणते देश, कोणती चलं (म्हणजे मोजलेल्या गोष्टी, फायलीतले रकाने), डेटा कोण कोण हाताळणार. या एका पानावरून पुढचं निम्मं काम ठरतं.

आंतरराष्ट्रीय तुलना साधारण दोन तऱ्हांनी होते. पहिल्या तऱ्हेत प्रश्नावलीच सुरुवातीपासून जुळवून घेतलेली असते. अमेरिकेत १९९२ साली वृद्धत्वावरची एचआरएस ही पाहणी सुरू झाली. तिच्या धर्तीवर इंग्लंडची ईएलएसए (२००२), युरोपची शेअर (२००४), चीनची चार्ल्स (२०११) आणि आपली लासी उभी राहिली. लासीची पहिली फेरी २०१७-१८ ची. मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यासाच्या संस्थेने ती ४५ वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक माणसांवर केली. ‘यंग लाइव्ह्ज’ही याच जातीची: इथिओपिया, पेरू, व्हिएतनाम आणि आपल्याकडे आंध्र-तेलंगण, मिळून १२ हजार मुलं.

दुसऱ्या तऱ्हेत डेटा आधी गोळा झालेला असतो आणि जुळवाजुळव मागाहून होते. मिनेसोटा विद्यापीठाचं आयपम्स इंटरनॅशनल हेच करतं. आपल्या एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या, १९८३ पासूनच्या रोजगार फेऱ्या तिथे इतर देशांच्या जनगणनांशेजारी बसलेल्या दिसतात.

तुमचा डेटा बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडेल. तेव्हा ‘आमचे प्रश्न त्यांच्यासारखे नाहीत, मग आपला काय उपयोग’ म्हणून मागे हटू नका. प्रश्न तसेच असावे लागत नाहीत. ते नेमके काय विचारले होते, हे मात्र सांगता आलं पाहिजे.

२. डेटा कोणाचा आणि सही कोणाची

प्रकल्पप्रमुखाने मेलवर ‘हो’ म्हटलं म्हणजे परवानगी झाली, हा समज सगळ्यात जास्त घोळ घालतो. विद्यापीठात किंवा ट्रस्टमध्ये कराराची सही रजिस्ट्रार, संचालक किंवा विश्वस्त करतात. शिवाय पैसा ज्याने दिला त्याच्या मंजुरीपत्रात डेटाबद्दल एखादं कलम दडलेलं असतं. जुन्या फेरीला एका खात्याचा पैसा, नव्या फेरीला दुसऱ्याचा, असं असेल तर प्रत्येक फेरीचं पत्र वेगळं काढा.

विषय आरोग्याचा असेल आणि भागीदार किंवा पैसा परदेशी असेल, तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची, म्हणजे एचएमएससीची मंजुरी लागते. अर्ज आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्यामार्फत जातो. डेटाबरोबर संस्थेला परदेशातून पैसाही येणार असेल तर एफसीआरए २०१० या परदेशी पैशाच्या कायद्याचा प्रश्न वेगळा उभा राहतो. तो हिशेबनिसांवर सोडा, पण त्यांना वेळेवर सांगा.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा हल्ली प्रत्येक बैठकीत निघतो. त्याच्या १७ व्या कलमात संशोधन, अभिलेख आणि सांख्यिकीसाठी सवलत आहे, पण अटी घालून: त्या डेटावरून कुणा एका व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही, आणि ठरवून दिलेली मानकं पाळायची. ‘संशोधन आहे, आम्हाला कायदा लागू नाही’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्यावर जाऊ नका. समोरची संस्था युरोपातली असेल तर २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या तिथल्या डेटा संरक्षण कायद्याबद्दल त्यांचेच प्रश्न येतील.

हे कागद एका फायलीत जमवा:

- प्रत्येक फेरीचं अर्थसाहाय्याचं मंजुरीपत्र
- एथिक्स कमिटीची मूळ मंजुरी, आणि डेटा देण्यासाठीची नवी
- प्रत्येक फेरीचं कोरं संमतीपत्र, जितक्या भाषांत छापलं तितक्या भाषांत
- प्रत्येक फेरीची कोरी प्रश्नावली (आपल्याकडे गुजराती, हिंदी, मराठी आणि इंग्रजी अशा चारही असू शकतात)
- इन्व्हेस्टिगेटरची, म्हणजे घरोघरी जाऊन प्रश्न विचारणाऱ्याची, सूचनापुस्तिका
- नमुना कसा निवडला त्याचं टिपण, वेट (प्रत्येक उत्तराला दिलेलं वजन) कसे काढले त्यासकट
- डेटा देण्याच्या कराराचा मसुदा

या यादीत सगळ्यात अवघड सापडते ती जुन्या फेरीची सूचनापुस्तिका. तिची शेवटची प्रत कुणा निवृत्त सुपरवायझरच्या घरी माळ्यावर असते. फोन करा, मिळते.

३. संमतीपत्र वाचा, खरोखर वाचा

जुन्या संमतीपत्रांत ‘ही माहिती फक्त आमच्या संस्थेच्या अभ्यासासाठी वापरली जाईल’ असं वाक्य हमखास असतं. त्याकडे काणाडोळा करू नका. तीन वाटा असतात. पुढच्या फेरीला त्याच घरी जाणार असाल तर नव्याने संमती घ्या. ते शक्य नसेल तर ओळख पुसलेल्या डेटासाठी एथिक्स कमिटीकडे सवलत मागा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संमतीची अट शिथिल करायची तरतूद आहे, पण निर्णय कमिटीचा असतो, आपला नाही. दोन्ही जमत नसेल तर ती फेरी वगळा आणि उरलेल्या द्या.

नवं संमतीपत्र लिहिताना परदेश हा शब्द लपवू नका. ‘तुमचं नाव काढून ही माहिती इतर देशांतल्या संशोधकांनाही अभ्यासासाठी मिळू शकेल’ असं सरळ लिहिलं तर लोक बहुधा हो म्हणतात. आपल्याकडे अर्ध्या घरांतलं कुणी ना कुणी न्यू जर्सीत नाहीतर लंडनला असतं. परदेशाचं नाव ऐकून कुणी दचकत नाही. बँक, जमीन आणि सासू-सून या तीन प्रश्नांना मात्र दचकतात.

४. फेऱ्या एकमेकींना जोडा

दीर्घकाळ चाललेल्या सर्वेक्षणाची किंमत एकाच गोष्टीत असते: २००४ ची ती व्यक्ती आणि २०१२ ची ही व्यक्ती एकच आहे, हे खात्रीने सांगता येणं. आयएचडीएस या देशभरच्या कुटुंब-पाहणीचं उदाहरण घ्या. २००४-०५ साली ४१,५५४ कुटुंबं घेतली, २०११-१२ ला परत जाऊन त्यांतली ८३ टक्के पुन्हा गाठली. बाहेरचे लोक त्या डेटावर इतकं काम करतात ते या जोडणीमुळेच.

प्रत्येक माणसाला कायमचा क्रमांक द्या, आणि तो घराच्या क्रमांकात अडकवू नका. एकत्र कुटुंब फुटतं, धाकटा भाऊ रावपुऱ्यातून मांजलपूरला फ्लॅट घेतो, मुलगी लग्न होऊन आणंदला जाते. घराचा क्रमांक बदलला तरी माणसाचा बदलता कामा नये. मग तपासा: दोन फेऱ्यांत लिंग बदललंय का, जन्मवर्षात तीनपेक्षा जास्त वर्षांचा फरक आहे का, मेलेली व्यक्ती पुढच्या फेरीत उत्तर देतेय का. हसू नका, देते. बहुतेक वेळा आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं असतं.

कोण गळलं तेही लिहा, आणि कारणासकट: वारले, नकार दिला, सापडले नाहीत, दुसऱ्या शहरात गेले, परदेशी गेले. ‘गैरहजर’ असा एकच शिक्का मारू नका. बडोदा आणि चरोतर पट्ट्यात परदेशी जाण्याने होणारी गळती वेगळी मोजता आली, तर स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्याला ती फार मोलाची असते.

जागांचं काय? २०१३ च्या १५ ऑगस्टला बडोदा जिल्ह्यातून छोटा उदेपूर वेगळा झाला. संखेडा, नसवाडी, कवांट हे तालुके आधीच्या फेरीत ‘बडोदा’ म्हणून नोंदलेले असतील आणि नंतरच्या फेरीत नाहीत. भायली, सेवासी ही गावं २०२० साली महापालिकेत आली, म्हणजे जागा तीच आणि ‘ग्रामीण’चं ‘शहरी’ झालं. बाहेरच्या माणसाला वाटेल की निम्मा जिल्हा अचानक शहाणा आणि श्रीमंत झाला. त्यामुळे जागेचे दोन रकाने ठेवा: त्या वेळचा कोड, आणि एखादं वर्ष पक्कं धरून त्याच्या सीमांप्रमाणे दिलेला कोड.

५. जुन्या माणसांना चहाला बोलवा

कोडबुक म्हणजे फक्त ‘१ म्हणजे पुरुष, २ म्हणजे स्त्री’ नव्हे. प्रत्येक चलाबद्दल इतकं तरी हवं: प्रश्नाचे मूळ शब्द (ज्या भाषेत विचारला त्या भाषेत), कोणाला विचारला, कोणाला गाळला, कोड, आणि कोणत्या फेरीत काय बदललं. हे डीडीआय या मानकाच्या साच्यात भरा. जागतिक बँकेचा मेटाडेटा एडिटर फुकट मिळतो आणि त्यात रकाने तयार असतात. सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं. पुढे परदेशातून येणाऱ्या प्रश्नांच्या मेल कमी होतात.

पण साच्यात न बसणारी माहिती माणसांकडेच असते. फील्डवर गेलेल्या दोन-तीन जुन्या इन्व्हेस्टिगेटर बेन आणि एखादा सुपरवायझर यांना एक दुपार बोलवा आणि भरलेल्या प्रश्नावल्या समोर ठेवा. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा वाचायला लावा. अशाच एका प्रश्नावलीत कोपऱ्यात लिहिलेलं होतं, ‘बा ऊंचुं सांभळे छे, वहुए जवाब आप्या.’ आजींना कमी ऐकू येतं, उत्तरं सुनेने दिली. फायलीत मात्र ती उत्तरं आजींचीच. आजींची तब्येत, आजींची उदासी, आजींना घरात कोण विचारतं, सगळं सुनेच्या तोंडून. वृद्धांवरच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहण्यांत दुसऱ्याने दिलेल्या उत्तरांना वेगळी खूण असते. तुमच्याकडे नसेल तर कागदावरून ती आत्ता करा. कागद रद्दीत गेल्यावर ही गोष्ट कुठूनच परत मिळणार नाही.

त्या दुपारी आणखी दोन गोष्टी विचाराच: वय कसं लिहिलं, आणि ९८-९९ या कोडांचा अर्थ काय. जन्मसाल माहीत नसलेल्यांचं वय ‘भूकंपाच्या वेळी मोठा मुलगा केवढा होता’ असं २००१ धरून मोजलेलं असतं, नाहीतर अंदाजाने ६०, ६५, ७० ठोकलेलं असतं. ठरावीक आकड्यांवर वयांचा असा गोळा किती मोठा झालाय ते व्हिपल निर्देशांकाने मोजता येतं. १०० आला तर सगळं ठीक, ५०० म्हणजे प्रत्येकाचं वय शून्यावर नाहीतर पाचावर संपतंय. तो आकडा कोडबुकात लिहून टाका. लपवलात तर समोरचा पहिल्याच दिवशी शोधून काढेल. आणि ९९ म्हणजे कुठे ‘माहीत नाही’, कुठे ‘लागू नाही’, तर वयाच्या रकान्यात खरोखरच ९९ वर्षांचे आजोबा. या तिघांना वेगळे कोड दिल्याशिवाय फाइल बाहेर जाऊ देऊ नका.

६. ओळख पुसणे

नाव, फोन, पत्ता काढला की झालं, असं समजणारे बरेच भेटतील. आधार क्रमांक तर फायलीत असायलाच नको. असला तर आजच काढा. पण खरी अडचण उरलेल्या रकान्यांची आहे.

समजा फायलीत एक ओळ आहे: वय ९१, स्त्री, मातृभाषा मराठी, वॉर्डाच्या कोडवरून दांडिया बाजार, पदवीधर, निवृत्त मुख्याध्यापिका, एकटी राहते, मुलगा परदेशी. नाव कुठेच नाही. आणि तरी त्या पोळातलं, म्हणजे गल्लीतलं, शेंबडं पोरदेखील सांगेल की या कोण बाई. बडोद्यातला मराठी समाज तसा लहान, एकमेकांच्या ओळखीतला. मातृभाषेचा एक रकानाच घोळका केवढा तरी लहान करतो, त्यात पोटजात दिलीत की संपलंच. मोठ्या देशातही हे होतं. डेटाच्या गोपनीयतेच्या अभ्यासक लतान्या स्वीनी यांनी अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेवरून दाखवलं होतं, की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवर तिथले सुमारे ८७ टक्के लोक एकटे निवडता येतील.

म्हणून रकाने जाडेभरडे करा. जन्मतारखेऐवजी जन्मवर्ष. ८५ च्या वरच्या सगळ्यांचा एक गट. वॉर्डाऐवजी झोन. पोटजातीऐवजी मोठा प्रवर्ग. व्यवसायाचा चार आकडी कोड काढून दोन आकडी. एकाच वर्णनाची किमान पाच माणसं फायलीत हवीत, असा काहीतरी आकडा ठरवा आणि तपासा. त्यासाठी आर मधलं एसडीसी-मायक्रो हे पॅकेज किंवा एआरएक्स हे सॉफ्टवेअर वापरा. दोन्ही मोफत आहेत.

दीर्घकालीन डेटात याहून खोल एक खड्डा आहे, आणि तो अनुभवी माणसांनाही दिसत नाही. प्रत्येक फेरी वेगवेगळी तपासली तर सुरक्षित वाटते. फेऱ्या जोडल्या की आयुष्याचा क्रमच ओळख बनतो. २००४ ला विवाहित आणि दुकान, २००९ ला विधवा, २०१२ ला घर बदललं, २०१८ ला पुन्हा भाड्याच्या घरात: असा क्रम असलेली दुसरी बाई फायलीत नसते. तेव्हा तपासणी जोडलेल्या फायलीवर करा. हाच नियम कुटुंबाला: तेवीस माणसांचं घर, जुळी मुलं, तीन पिढ्यांतले तीन डॉक्टर हे सगळं वेगळं उठून दिसतं.

जीपीएस असेल तर ते मूळ रूपात देऊ नका. डीएचएस या अनेक देशांतल्या लोकसंख्या-आरोग्य पाहण्यांत शहरी ठिकाणं २ किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीण ५ किलोमीटरपर्यंत मुद्दाम सरकवलेली असतात, आणि ग्रामीणांतली एक टक्का १० किलोमीटरपर्यंत. तीच पद्धत उचला आणि तसं लिहून ठेवा. मोकळी उत्तरं मात्र यंत्राच्या भरवशावर सोडू नका, डोळ्यांनी वाचा. ‘अमुक शेठच्या मिलमध्ये हात गेला’ असं एखादं वाक्य सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतं. जुनी उत्तरं युनिकोड नसलेल्या गुजराती फॉन्टात असली तर ती आधी बदलून घ्यावी लागतील, नाहीतर वाचणारच काय?

शेवटची चाचणी साधी आहे. पुसलेल्या फायलीतल्या काही ओळी छापा आणि त्या भागात फिरलेल्या जुन्या इन्व्हेस्टिगेटरपुढे ठेवा: ओळखतंय का कुणी? त्यांनी ‘हे तर आपले...’ अशी सुरुवात केली, की अजून काम बाकी आहे.

आणि हो, क्रमांक आणि नावं जोडणारी फाइल वेगळ्या, पासवर्ड घातलेल्या जागी, दोनच माणसांच्या हाती. ती कुठल्याही देशाला, कितीही मोठ्या विद्यापीठाला द्यायची नाही. व्हॉट्सॲपवर तर नाहीच.

७. जगाच्या साच्यात बसवा, पण मूळ मोडू नका

इथे उत्साही लोक फार नुकसान करतात. परदेशी कोड लावायचे म्हणून मूळ रकानाच पुसून टाकतात. नियम एकच: मूळ चल, जुळवलेलं चल आणि एकातून दुसरं कसं काढलं ती स्क्रिप्ट, तिन्ही बरोबर द्या. उद्या कुणाला तुमची जुळवणी पटली नाही तर त्याला स्वतःची करता आली पाहिजे.

शिक्षणासाठी युनेस्कोचं आयएससीईडी २०११ हे वर्गीकरण वापरतात, ० ते ८ अशा पातळ्यांचं. आपल्या जुन्या पिढीचं शिक्षण त्यात सरळ बसत नाही. व्हर्नाक्युलर फायनल, जुनी अकरावीची एसएससी, नंतरची दहावी, इंटर, पीटीसी. ‘शिक्षण: १० वी’ असा कोड असेल तर जुनी मॅट्रिक झालेला माणूस आणि नव्या पद्धतीचा दहावी पास एकाच खान्यात पडलेत का, ते पाहा. व्यवसायाचं सोपं आहे: आपलं एनसीओ-२०१५ हे व्यवसायांचं वर्गीकरण आयएससीओ-०८ या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावर बेतलेलं आहे आणि एनसीओ-२००४ हे आयएससीओ-८८ वर. जुन्या फेऱ्या १९६८ च्या कोडांत असतील तर मात्र हाताने बसवावं लागेल.

कुटुंब म्हणजे काय, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो पण सगळे आकडे तो हलवतो. आपल्या जनगणनेत आणि एनएसएसमध्ये एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. काही देशांत एका घरात राहणारे सगळे एकच कुटुंब धरले जातात. एका वाड्यात खाली आई-वडील आणि वर मुलगा-सून, स्वयंपाक वेगळे: आपल्याकडे दोन कुटुंबं, त्यांच्याकडे एक. ‘एकटे राहणारे वृद्ध’ याची टक्केवारी एवढ्यावरून कुठल्या कुठे जाते. घराचा क्रमांक आणि चुलीचा क्रमांक असे दोन्ही दिलेत तर समोरचा त्याला हवं तसं जोडेल.

जमीन बिघ्यात लिहिली असेल तर कोणत्या भागातला बिघा, ते लिहा. गुजरातमध्येच तो जागोजागी बदलतो. रुपये त्या वर्षाचे रुपये म्हणूनच ठेवा, डॉलर करू नका. क्रयशक्तीप्रमाणे बदल वापरणारा करेल.

तब्येतीच्या प्रश्नाबद्दल थोडं सावध करते. ‘तुमची तब्येत कशी आहे?’ यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर ‘चाललंय’. गुडघे धरलेले असोत की साखर वाढलेली असो, चाललंय. इन्व्हेस्टिगेटर ते ‘ठीक’ या मधल्या खान्यात टाकतो. युरोपातला माणूस त्याच दुखण्याला ‘वाईट’ म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या सेज पाहणीत (भारत, चीन, घाना, मेक्सिको, रशिया, दक्षिण आफ्रिका) यासाठी काल्पनिक माणसांचे छोटे प्रसंग सांगून ‘याची तब्येत कशी म्हणाल?’ असं विचारलेलं आहे, म्हणजे कोण कशाला ‘ठीक’ म्हणतो ते कळतं. तुमच्या पाहणीत असं नसेल तर प्रश्नाचे मूळ शब्द आणि दिलेले पर्याय जसेच्या तसे द्या, आणि तुलना करणाऱ्याला करारातच लिहून कळवा की हे उत्तर थेट शेजारी ठेवायचं नाही. रक्तदाब, हाताची पकड, उंची-वजन यांवर तुलना जास्त भरवशाची. फक्त यंत्राचा मेक आणि किती वेळा मोजलं ते लिहायला विसरू नका.

८. फाइल कोणत्या रूपात

यात फार काही नाही. सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी फाइल), यूटीएफ-८ मध्ये, शिवाय स्टाटा किंवा एसपीएसएस. एक्सेलमधून काढताना दोन सापळे: १,५०,००० मधले स्वल्पविराम सीएसव्हीचे रकाने फोडतात, आणि ०३/०४ ही तारीख अमेरिकन संगणक ४ मार्च वाचतो. तारखा वर्ष-महिना-दिवस अशाच लिहा. वेट, नमुन्याचे स्तर आणि प्राथमिक नमुना-घटकाचा (पहिल्यांदा निवडलेल्या गावाचा किंवा वॉर्डाचा) क्रमांक फायलीत आहे ना, पाहा. ते नसतील तर बाहेरच्याला चुकीची गणितं करण्याशिवाय गत्यंतर नसतं.

९. कुठे ठेवायचं, कोणाला किती द्यायचं

एकेका संशोधकाला मेलवर डेटा देत बसू नका. पाच वर्षांनी कोणाकडे कोणती प्रत आहे ते तुम्हालाच कळणार नाही. अभिलेखागारात ठेवा. अमेरिकेचं आयसीपीएसआर १९६२ पासून आणि ब्रिटनचा एसेक्समधला डेटा अर्काइव्ह १९६७ पासून हेच काम करतात. आपल्याकडे समाजशास्त्र संशोधन परिषदेची आयसीएसएसआर डेटा सर्व्हिस आहे, आणि तिचं तांत्रिक काम पाहणारं इन्फ्लिबनेट हे विद्यापीठ-ग्रंथालयांचं केंद्र आपल्या शेजारी गांधीनगरलाच आहे.

माझं मत विचाराल तर एक प्रत देशात, एक बाहेर. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकन सरकारने पैसा थांबवला आणि चाळीस वर्षं चाललेल्या डीएचएस कार्यक्रमाचं काम ठप्प झालं. नव्या अर्जदारांना डेटा मिळणंही काही काळ थांबलं. इतकी मोठी संस्था अशी थांबू शकते, तर एकाच सर्व्हरवर भिस्त ठेवू नये.

तीन पातळ्या पुरतात. जाडीभरडी फाइल कुणालाही, नोंदणी करून. सविस्तर फाइल करारावर सही करणाऱ्यालाच. अगदी नाजूक गोष्टी, म्हणजे गाव, नेमकं वय, मृत्यूचं कारण, यांसाठी डेटा बाहेर जाऊच द्यायचा नाही. त्यांनी प्रोग्राम पाठवायचा, आपण चालवून निकालाचा तक्ता परत पाठवायचा. यात आपलं काम वाढतं खरं, पण एथिक्स कमिटी याला पटकन हो म्हणते.

१०. करारात काय घालायचं

मुदत, वापराचा हेतू, तिसऱ्याला न देणं, कुणाला ओळखायचा प्रयत्न न करणं, काम संपल्यावर प्रत नष्ट केल्याचं पत्र, आणि डेटाचा उल्लेख डीओआय या त्याच्या कायमच्या ओळख-क्रमांकासकट करणं. ‘आमचं नाव लेखक म्हणून घाला’ ही अट घालू नका. ती अपमानास्पद दिसते आणि टिकतही नाही. त्याऐवजी दुसरं मागा: पहिलं वर्ष आपल्या तरुण संशोधकांना राखीव, आणि त्यांच्या कार्यशाळेत आपल्या एका माणसाला जागा. खरोखर बरोबर काम केलं तर लेखकपद आपोआप येतं.

करार त्यांच्या वकिलाने पाठवलेला असेल तर एक शब्द शोधा: मालकी. डेटा ‘हस्तांतरित’ होत नाही, वापराची परवानगी मिळते. तसं लिहिलेलं नसेल तर सहीला पाठवू नका.

११. पाठवून झाल्यावर

चुका निघणारच. ब्राझीलमधली कुणी विद्यार्थिनी लिहील की तुमच्या तिसऱ्या फेरीत चौदा वर्षांच्या मुलाला सहा मुलं आहेत. तपासा, दुरुस्त करा, पण जुनी फाइल मुकाट्याने बदलू नका. आवृत्तीचा क्रमांक वाढवा, काय बदललं ते एका ओळीत लिहा, जुनी आवृत्तीही ठेवा, कारण तिच्यावर कुणाचा लेख आधीच छापून आलेला असू शकतो.

संपर्कासाठी स्वतःचा जीमेल देऊ नका. संस्थेच्या नावाचा पत्ता उघडा आणि त्याचा पासवर्ड दोघांकडे ठेवा. नावं जोडणारी फाइल कुठे आहे आणि कुणाच्या ताब्यात आहे, हे एका कागदावर लिहून संचालकांच्या कपाटात सीलबंद द्या. तुमची बदली झाली की पुढच्या माणसाला सगळ्यात आधी तोच कागद लागेल.